पुलाखालून पाणी जाईना!

पाणी कुठे तुंबेल हे बघायला मुंबईचा उंचीचा नकाशा संगणकात टाकून त्यावर पाऊस पाडला, की पहिली गंमत पुलांपाशी घडते. विमानातून किंवा उपग्रहावरून उंची मोजणाऱ्या यंत्राला दिसतो तो पुलाचा माथा. खालून नाला जातो हे त्याच्या गावीही नसतं. मग नकाशातला पूल धरण होऊन बसतो आणि त्याच्यामागे भरवस्तीत एक झकास तलाव भरतो. यावर नेहमीचा उपाय असा. माणसानं माउस हातात घेऊन एकेक पूल, एकेक मोरी नकाशातून फोडायची आणि नाल्याच्या रेषेवरची जमीन मुद्दाम खोल करायची. जीआयएस, म्हणजे नकाशांवर हिशेब करणारं सॉफ्टवेअर, कितीही हुशार असलं तरी हे बिगारीकाम पुरतं सुटत नाही.

राजाची चाल

जमीन एकदा चौकोनांत कापली, की प्रत्येक चौकोनातलं पाणी कुठे जाणार? १९८४ साली ओकॅलहन आणि मार्क यांनी मांडलेली आणि आजही सर्रास वापरली जाणारी 'डी-८' ही रीत म्हणते: बुद्धिबळातल्या राजासारखं आठांपैकी एका शेजारघरात, तेही जिकडे उतार सर्वांत तीव्र तिकडे. सगळं पाणी तिकडेच, वाटणी नाही. दिशांचे आकडे मात्र १ ते ८ नसतात. एक प्रचलित पद्धत पूर्वेला १, आग्नेयेला २, दक्षिणेला ४ असं दुप्पट करत ईशान्येला १२८ देते. कारण खास संगणकी आहे: पूर्व आणि दक्षिण दोन्हीकडे सारखाच उतार असेल तर १ आणि ४ मिळून ५ लिहायचे. ५ ही बेरीज दुसऱ्या कुठल्याच जोडीची येत नाही, त्यामुळे घोळ नाही.

या चालीचा तोटा उघड आहे. उतार आठांपैकी एकाही दिशेला नेमका नसेल, तर डोंगरावरून ओढे एकमेकांना समांतर, कवायत करत उतरतात. १९९७ मध्ये टारबोटन यांनी कुठल्याही कोनात वाहणारं आणि दोन घरांत वाटलं जाणारं पाणी संगणकात आणलं, तेव्हा कुठे ते जरा पाण्यासारखं वागू लागलं.

अकरा दिवसांत पृथ्वी

फुकट मिळणाऱ्या उंचीच्या नकाशांतला सर्वांत गाजलेला नकाशा फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' या अंतराळयानानं बनवला. यानाबाहेर ६० मीटर लांबीचा दांडा काढून, त्याच्या टोकाला दुसरा अँटेना लावून, अकरा दिवसांत जगातली सुमारे ८० टक्के जमीन मोजली. कौतुक करावं तेवढं थोडं! पण याच नकाशावर दादर-माटुंग्याच्या गटारांचा हिशेब मांडायला गेलात तर पंचाईत. एक चौकोन साधारण ३० मीटरचा, म्हणजे चाळ, गल्ली, गटार आणि समोरचा वडापाववाला मिळून एकच उंची. ती उंचीही पूर्ण मीटरमध्ये. सपाट भागात शेजारशेजारच्या घरांत ५, ५, ५, ५ असेच आकडे येतात आणि पाण्याला जायला दिशाच उरत नाही. सॉफ्टवेअर मग जवळच्या बाहेरच्या वाटेकडे सरळसोट रेषा ओढून वेळ मारून नेतं. शिवाय रडारला बऱ्याच ठिकाणी झाडांचे शेंडे आणि इमारतींची छपरं हीच जमीन वाटते.

मग बारीक चौकोन घ्या की! घ्या, पण बिल येतं. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात. पाण्याचा खरा प्रवाह सोडवणाऱ्या बहुतेक मॉडेलमध्ये काळाचं पाऊलही निम्मं करावं लागतं, म्हणजे काम आठपट. ३० मीटरवरून थेट १ मीटरवर उडी मारली तर २७,००० पट. रात्रभर पंखा घरघरत ठेवून सकाळी 'त्रुटी' वाचायची तयारी हवी.

एका क्लिकमध्ये खड्डेमुक्ती

महापालिकेला जे वर्षानुवर्षं जमत नाही, ते हे सॉफ्टवेअर एका क्लिकमध्ये करतं: शहरातले सगळे खड्डे बुजवतं. कारण नकाशातल्या खोलगट चौकोनात पाणी शिरलं की अडकतं, आणि पुढचा सगळा ओढा तुटतो. यातले बरेच खड्डे मोजणीतल्या चुकीनं पडलेले असतात, म्हणून सरसकट बुजवण्याचा रिवाज पडला. २००१ मध्ये प्लांशाँ आणि दार्बू या दोघांनी तर उलटीच युक्ती काढली. आधी अख्ख्या प्रदेशावर पाण्याचा जाडजूड थर चढवायचा आणि मग तो निथळू द्यायचा. जे पाणी मागे राहील तोच खड्ड्यांचा भराव.

आता खरी मेख. परळचं हिंदमाता ही मोजणीतली चूक नव्हे. तो परिसर आजूबाजूपेक्षा खरोखर सखल आहे, म्हणून तर दर पावसाळ्यात तिथल्या कमरेएवढ्या पाण्याचे फोटो येतात. खड्डे बुजवण्याचं बटण डोळे मिटून दाबलं की हिंदमाता नकाशावरून गायब! ज्या जागेसाठी हा खटाटोप, तीच पहिल्या पायरीवर पुसली जाते. माझ्या मते या सगळ्या हत्यारांतलं सर्वांत धोक्याचं बटण हेच.

पण त्याच बटणातून फुकटात एक सुंदर नकाशा मिळतो. बुजवलेल्या नकाशातून मूळ नकाशा वजा करा. उरलेला आकडा म्हणजे कुठे किती खोल पाणी तुंबू शकतं ते. ना पाइपांची माहिती लागते, ना पावसाची. डेन्मार्कमध्ये रस्त्यांवरच्या अशा जागांना 'ब्लू स्पॉट' म्हणतात आणि आधी त्या शोधून मगच खोलात शिरतात.

दोन आयरिश आणि एक गटार

गटार किती मोठं हवं, याचं सूत्र १८५१ साली आयर्लंडच्या मल्व्हेनी यांनी दिलं: क्षेत्रफळ गुणिले पावसाचा जोर गुणिले वाहून जाणारा हिस्सा. त्या गटारातून पाणी किती वेगानं जाईल, हे १८८९ साली सांगणारे रॉबर्ट मॅनिंग हेही आयर्लंडमध्येच इंजिनीअर होते. आजच्या चकचकीत सॉफ्टवेअरच्या पोटात अजून हे दोघं बसलेले आहेत.

मुंबईवर हे लावून बघा. जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि त्यातला निम्मा वाहून जाणार, असं धरून बांधलेली होती. म्हणजे एका हेक्टरवरून सेकंदाला सुमारे ३५ लिटर. मुंबईची गटारं सुधारण्याच्या 'ब्रिमस्टोवॅड' प्रकल्पानं ५० मिलिमीटर आणि सगळाच वाहणार, असं धरलं. जमिनीत मुरायला उघडी माती उरलीय कुठे? दोन्ही आकडे दुप्पट झाले, पाणी चौपट झालं: सुमारे १३९ लिटर. मात्र चौपट पाण्याला चौपट रुंद पाइप लागत नाही. उतार तोच ठेवून साधारण १.७ पट व्यास पुरतो आणि व्यास दुप्पट केला तर सहापटीहून जास्त पाणी जातं. आणखी एक चक्रम गोष्ट: गोल पाइप काठोकाठ भरण्यापेक्षा ९४ टक्के उंचीपर्यंत भरला असताना जास्त पाणी वाहून नेतो. वरच्या उरलेल्या फटीत पाणी थोडंच मावतं, पण भिंतीचं घर्षण बरंच वाढतं.

पाऊस कुणाचा?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्याला ७३. जीआयएसमधल्या थीसन पद्धतीत (१९११ची) प्रत्येक ठिकाणाला सर्वांत जवळच्या पर्जन्यमापकाचा पाऊस द्यायचा. मुंबईत दोनच मापकं धरली तर त्यांच्या मधोमध जाणारी रेषा पडते परळ-दादरच्या आसपास. रेषेच्या उत्तरेला प्रलय, दक्षिणेला रिमझिम! शहरात ठिकठिकाणी स्वयंचलित मापकं का लागतात, हे समजावायला एवढं पुरे.

न सांगितलेल्या गोष्टी

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं 'स्विम' हे पावसाच्या पाण्याचं आणि गटारांचं मॉडेल १९७१ पासून जगभर फुकट चालतं. फुकट घराण्यातलं दुसरं नाव 'ग्रास' या जीआयएसचं. ते अमेरिकी लष्करानं १९८० च्या दशकात घडवलं आणि १९८७ मध्ये त्याच्या प्रचारफितीला आवाज दिला 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टननं, विल्यम शॅटनरनं.

'स्विम'मध्ये तुम्ही काहीच बदललं नाही, तर मॅनहोलमधून उसळलेलं पाणी हिशेबातून चक्क नाहीसं होतं. रस्त्यावर तुंबवायचं असेल तर तशी खूण करावी लागते. नाल्याचं तोंडही समुद्राकडे कायम मोकळं धरलेलं असतं. भरती आणि समुद्राचं पाणी आत येऊ न देणारी झडप, दोन्ही आठवणीनं सांगायच्या. मुंबईच्या बहुतेक नाल्यांची तोंडं मोठ्या भरतीच्या पातळीखाली जातात आणि २६ जुलैच्या दुपारीही ४.४८ मीटरची भरती होती. मुंबईचं मॉडेल भरतीविना चालवलं, तर शहर कोरडंठाक निघेल.

पाइपांच्या आकारांच्या यादीत एक आकार खास आपल्यासाठी असावा असा आहे: तळाशी गाळ साचलेला गोल पाइप. गाळ किती, तोही आकडा भरता येतो. नालेसफाई झाली म्हणून शंभर टक्के धरायची की चाळीस, हे ज्याचं त्यानं ठरवावं!

हिंदमातासाठी महापालिकेनं दादरच्या प्रमोद महाजन उद्यानात आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानात जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्या. ओसंडणारं पाणी तिथे साठवायचं, पाऊस आणि भरती ओसरली की बाहेर काढायचं. मॉडेलमध्ये अशी टाकी उभी करायला कोणत्या खोलीला किती क्षेत्रफळ आणि पंप कुठल्या पातळीला चालू-बंद, एवढं लिहिलं की झालं. वेगळा नियम घातला नाही, तर तिथल्या पंपाची वीज कधीच जात नाही.