नर्मदाकाठच्या जीवनशाळा आणि तिथून शिकलेल्या मुली

महाराष्ट्रातील मुलींच्या शिक्षणाचा इतिहास पुण्यापासून सांगण्याची रीत आहे आणि ती रास्तही आहे, कारण १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली आणि पुढे १८८४ साली न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, रामकृष्ण गोपाळ भांडारकर व शंकर पांडुरंग पंडित यांच्या पुढाकाराने, पुण्यातील सनातनी विरोधाला तोंड देत, हुजूरपागा ही मुलींची माध्यमिक शाळा सुरू झाली. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे आणि कवयित्री शांता शेळके या हुजूरपागेच्या विद्यार्थिनी होत. मात्र अशी शाळा चालण्यासाठी काही गोष्टी आधीच असाव्या लागतात, त्या म्हणजे मुलीला चालत जाता येईल इतके अंतर, संध्याकाळी परतायला जागेवर असलेले घर आणि रोज वर्गावर येणारा शिक्षक. ब्रह्मदेशात जन्मलेल्या इरावतींना सातव्या वर्षी पुण्यात शिकायला पाठवले, तेव्हा त्यांनाही शाळेच्या वसतिगृहात राहावे लागले होते. घर लांब असलेल्या मुलीला दिवसाची शाळा पुरत नाही ही गोष्ट शहराच्या इतिहासात अपवाद ठरते, परंतु नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेलीत तोच नियम होता.

अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे नर्मदेच्या दक्षिण तीरावरचे, सातपुड्याच्या उतारांवर विखुरलेले आदिवासी गाव असून राज्यातील पहिल्या क्रमांकाचे मतदान केंद्र म्हणून त्याचे नाव दर निवडणुकीत वर्तमानपत्रांत येते. गाव म्हणजे येथे एकमेकांना लागून असलेल्या घरांची आळी नव्हे. चार घरे एका टेकडीवर, सहा घरे नाल्यापलीकडे अशा वस्त्या असतात, त्यांना पाडे म्हणतात, आणि एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायचे तर चढउतार करावा लागतो. सरदार सरोवर धरणाच्या भिंतीला सर्वांत जवळचे महाराष्ट्रातील गाव असल्यामुळे राज्यातील तेहेतीस बुडीत गावांमध्ये, म्हणजे जलाशयात पूर्णतः किंवा अंशतः जाणाऱ्या गावांमध्ये, पाणी पहिल्यांदा येथे पोहोचले आणि १९९३ च्या पावसाळ्यात येथील घरे त्यात गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये जागतिक बँकेचे या प्रकल्पासाठीचे कर्ज थांबले होते, आणि पुढच्या वर्षी मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये अशी मागणी करणारे, चव्वेचाळीस देशांतील ३२६ संघटनांचे निवेदन ‘मणिबेली जाहीरनामा’ या नावाने प्रसिद्ध झाले. जगाला गावाचे नाव असे माहीत झाले, पण गावातल्या मुलांना अक्षरओळख कोण करून देणार हा प्रश्न तेवढ्याने सुटणारा नव्हता.

खोऱ्यातील अनेक गावांत सरकारी शाळा कागदोपत्री होत्या, परंतु शिक्षक क्वचितच येत. आणि गाव बुडणारच आहे असे एकदा धरून चालले, की तेथे नवी इमारत बांधण्याची निकड प्रशासनाला वाटत नसे. अशा परिस्थितीत मेधा पाटकर यांच्या नेतृत्वाखालील नर्मदा बचाओ आंदोलनाने आणि गावकऱ्यांनी नव्वदच्या दशकाच्या आरंभी चिमलखेडी व निमगव्हाण येथे स्वतःच्या निवासी शाळा सुरू केल्या आणि त्यांना जीवनशाळा हे नाव दिले. पुढे मणिबेलीसह इतर गावांतही त्या निघाल्या. गावकऱ्यांनी लाकूडफाटा, श्रम आणि धान्य दिले, कुडाच्या भिंती उभारल्या आणि थोडेफार शिकलेल्या स्थानिक तरुणांनाच शिक्षक केले. ‘लढाई-पढाई साथ साथ’ ही या शाळांची घोषणा खोऱ्याबाहेरही पोहोचली.

येथे पहिली ते चौथीचे वर्ग भरतात आणि आरंभीचे शिक्षण मुलांच्या घरच्या बोलीतून होते. अक्कलकुव्याकडे भिलीचे स्थानिक रूप बोलले जाते, तर शेजारच्या अक्राणी तालुक्यात पावरी, त्यामुळे सहा वर्षांच्या मुलाला पाठ्यपुस्तकातील मराठी ही जवळजवळ परकी भाषा असते. ज्या मुलीने आयुष्यात आगगाडी पाहिलेली नाही, तिला मोहाचे फूल, भरडलेला मका, नदीतला मासा आणि पाड्याचे नाव यांपासून अक्षराकडे नेता येते. मग मराठीकडे वळणे सोपे जाते. यात बोलीचा भाबडा अभिमान नसून अध्यापनाचा सरळ विचार आहे. त्याच्या जोडीला जंगल, जमीन आणि धरण यांविषयीची माहितीही शिकवली जाते, कारण आपल्या जमिनीचे काय होणार हा या मुलांच्या घरात रोज बोलला जाणारा विषय आहे.

जीवनशाळा मुलगे आणि मुली दोघांसाठी आहेत, परंतु शाळा निवासी असण्याचा लाभ मुलींना विशेष झाला असे मानायला जागा आहे. डोंगरातील घरात शेळ्या राखणे, पाणी आणणे, सरपण गोळा करणे आणि धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणे ही कामे मुलीच्या वाट्याला फार लवकर येतात आणि ती दिवसाउजेडीच करायची असतात. म्हणजे दिवसाची शाळा नेमक्या त्याच तासांवर हक्क सांगते. मुलगी शाळेतच राहिली, की हा रोजचा झगडा मिटतो. भिल्ल समाजात लग्नाच्या वेळी वराकडून वधूच्या घरी देज, म्हणजे वधूमूल्य, देण्याची चाल आहे. तीत मुलीच्या श्रमाची किंमत उघडपणे मान्य केलेली असते, आणि म्हणूनच ते श्रम चार वर्षे सोडून देणे ही गरीब कुटुंबाने शिक्षणासाठी दिलेली मोठी देणगी समजली पाहिजे.

या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांची यादी हुजूरपागेसारखी नामवंतांची नाही आणि तशी अपेक्षा धरणेही अन्यायाचे ठरेल. येथे शिकलेल्यांपैकी काही जण पुढील शिक्षण घेऊन जीवनशाळांतच शिक्षक म्हणून परतले, ही गोष्ट अधिक मोलाची आहे. आईवडिलांना वाचता येत नसलेल्या घरातील मुलगी पुनर्वसनाची नोटीस स्वतः वाचते, सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या उताऱ्यावर, वडिलांचे नाव नीट चढले आहे की नाही हे तपासते, तेव्हा तलाठ्याच्या तोंडाकडे पाहत बसण्याची पाळी त्या कुटुंबावर येत नाही.

खरी अडचण चौथीनंतर येते. पाचवीसाठी मुलीला डोंगर उतरून आश्रमशाळेत, म्हणजे आदिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळेत, जावे लागते, आणि घरापासूनचे अंतर वाढले की पालकांचा धीर सुटतो. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यावर प्रत्येक शाळेला मान्यता आणि इमारतीचे ठरावीक निकष आवश्यक झाले. शहरातील खासगी शाळेला ते पैशाने पुरे करता येतात, परंतु जिची जमीनच जलाशयाच्या काठावर आहे अशा कुडाच्या शाळेला ते फार जड जातात. २००४ साली केंद्र सरकारने मागास भागांतील मुलींसाठी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये ही निवासी योजना सुरू केली, परंतु तिची आखणी मुख्यत्वे सहावी ते आठवीसाठी होती. जीवनशाळा चौथीला संपते, त्यामुळे पाचवीचे वर्ष मध्येच उरते आणि त्या वर्षी घरी थांबलेली मुलगी पुन्हा शाळेत येणे कठीण होते.