जलमापक, घरगुती

सार्वजनिक नळयोजनेतून घरात येणाऱ्या पाण्याचे घनफळ मोजणाऱ्या उपकरणास घरगुती जलमापक म्हणतात. व्यवहारात त्याला ‘पाण्याचे मीटर’ असे संबोधतात. त्यावरील नोंदीनुसार पाण्याचा आकार ठरविता येतो; तसेच घरातील जलवाहिन्यांत कोठे गळती आहे काय, हे जाणण्याचे ते सर्वांत सुलभ साधन आहे. मापनाचे एकक घनमीटर (घ. मी.) असून १ घ. मी. म्हणजे १,००० लिटर होत. देयकात ‘युनिट’ असा उल्लेख असतो, तो बहुधा याच एककाचा असतो.

इतिहास : शहरांना नळाने पाणी मिळू लागले तेव्हा आकारणी घराच्या भाड्यावर किंवा तोट्यांच्या संख्येवर होत असे. प्रत्यक्ष वापर मोजणारे व्यवहार्य मापक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तयार झाले. मूळचे जर्मन परंतु इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले अभियंते विल्यम सीमेन्स (१८२३–८३) यांचा चक्री जलमापक १८५० नंतरच्या दशकात प्रचारात आला. मुंबईस विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये मिळू लागले. पुढे मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात मालमत्तेच्या मूल्यावरील पाणीपट्टी आणि मापानुसार आकार अशा दोन्ही पद्धतींची तरतूद झाली. महाराष्ट्रातील शहरांत या दोन्ही पद्धती आजही आढळतात.

रचना व कार्य : घरगुती जोडणीसाठी सामान्यतः १५ मिमी. आकाराचा मापक वापरतात. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात पाण्याचा वेग मोजून त्यावरून घनफळ काढले जाते. पाणी प्रथम गाळणीतून जाते व नंतर अनेक छिद्रांतून झोतांच्या रूपाने पंखाचक्रावर आदळते. चक्राचे फेरे वाहणाऱ्या पाण्याच्या प्रमाणात होतात. चुंबकीय जोडणी व दंतचक्रमाला यांच्या द्वारे हे फेरे दर्शकापर्यंत पोचतात. याला बहुझोती मापक म्हणतात. दुसऱ्या प्रकारात ठराविक घनफळाच्या कप्प्यात फिरता दट्ट्या असतो व प्रत्येक फेऱ्यास ठराविक पाणी पुढे जाते. हा मापक अल्प प्रवाहातही अचूक असतो. मात्र पाण्यातील वाळूचे कण त्यास बाधक ठरतात. स्वनातीत तरंगांच्या साहाय्याने वेग मोजणाऱ्या व फिरते भाग नसलेल्या मापकांचा, तसेच दुरून नोंद घेण्याची सोय असलेल्या मापकांचा वापर अलीकडे वाढत आहे.

अचूकता : भारतात घरगुती जलमापकांसाठी आय. एस. ७७९ हे मानक आहे. त्याच्या १९९४ च्या आवृत्तीत मापकांचे ‘अ’ व ‘ब’ असे वर्ग केले आहेत. ताशी १·५ घ. मी. नाममात्र प्रवाहाच्या ‘ब’ वर्गीय मापकाने ताशी १२० लि. व त्याहून अधिक प्रवाहात २ टक्क्यांच्या आत, तर ताशी ३० ते १२० लि. प्रवाहात ५ टक्क्यांच्या आत चूक दाखवावी अशी अपेक्षा असते. त्याहून मंद प्रवाहाची नोंद होईलच अशी हमी नसते.

जुना मापक वेगाने फिरतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात झीज व साचलेला गाळ यांमुळे यांत्रिक मापक बहुधा मंद होतो व कमी नोंद करतो. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. पुरवठा खंडित स्वरूपाचा असेल, तर मधल्या काळात जलवाहिनीत हवा शिरते. पाणी सुटताच ही हवा मापकातून बाहेर पडते व चक्र फिरविते. त्यामुळे न मिळालेल्या पाण्याची नोंद होऊ शकते. मुख्य वाहिनीवर योग्य ठिकाणी हवाझडपा बसविणे, हा त्यावरील उपाय होय.

नोंद व देयक : दर्शकावरील काळे अंक पूर्ण घनमीटर दाखवितात, लाल अंक किंवा लाल काटे घनमीटरचे अंश दाखवितात. आकारणी सामान्यतः काळ्या अंकांवर होते. चालू नोंदीतून मागील नोंद वजा केली असता वापर मिळतो. उदा., मागील नोंद १२८४ व ६० दिवसांनंतरची नोंद १३४४ असेल, तर वापर ६० घ. मी., म्हणजे दररोज १,००० लि. झाला. कुटुंबात पाच माणसे असल्यास हा वापर दरडोई २०० लि. पडतो. मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी केंद्रीय मार्गदर्शिकेतील प्रमाण दरडोई दररोज १३५ लि. आहे, त्या हिशेबाने या कुटुंबास ६० दिवसांत सु. ४० घ. मी. पाणी पुरावयास हवे. उरलेले सु. २० घ. मी. कोठे गेले, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

अनेक ठिकाणी दर टप्प्याटप्प्याने वाढत जातात. समजा, पहिल्या ३० घ. मी. साठी मूळ दर, पुढील १५ घ. मी. साठी दीडपट व त्यापुढे दुप्पट दर आहे. मूळ दर एक रुपया धरल्यास ४० घ. मी. चा आकार ४५ रुपये, तर ६० घ. मी. चा ८२·५० रुपये होतो. म्हणजे वापर दीडपट झाला असता आकार सु. १·८ पट होतो. शिवाय काही शहरांत मलनिस्सारण आकार हा पाण्याच्या आकाराच्या ठराविक टक्क्यांनी लावतात. त्यामुळे गळून गेलेल्या पाण्यावर तोही भरावा लागतो.

मापक बंद पडल्यास किंवा नोंद घेता न आल्यास सरासरी वापरावर देयक दिले जाते. असे देयक वर्षानुवर्षे येत राहिल्यास त्याचा प्रत्यक्ष वापराशी संबंध उरत नाही. म्हणून देयकावर ‘सरासरी’ असा शेरा आहे काय, हे प्रथम पाहावे. मोठ्या इमारतीत सबंध गृहनिर्माण संस्थेचा मिळून एकच मापक असतो. अशा वेळी एका घरातील गळतीचा भार सर्व सभासदांवर पडतो.

गळतीचे प्रमाण : थेंब-थेंब गळणाऱ्या तोटीतून दर सेकंदास एक थेंब पडला व २० थेंबांचे १ मिलि. धरले, तर दिवसाला सु. ४·३ लि. पाणी जाते. याउलट १० मी. उंचीच्या जलस्तंभाइतक्या दाबाखाली १·५ मिमी. व्यासाच्या छिद्रातून सततच्या पुरवठ्यात दिवसाला सु. १,३०० लि. पाणी जाऊ शकते. पाच माणसांच्या वर उल्लेखिलेल्या गरजेच्या (६७५ लि.) हे जवळजवळ दुप्पट आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या तोटीपेक्षा भिंतीतील वाहिनी, शौचकुंडीची टाकी व जमिनीखालील साठवण टाकी यांतील अदृश्य गळती म्हणूनच अधिक हानिकारक असते.

गळतीचा शोध : सततचा पुरवठा व थेट जोडणी असल्यास सर्व तोट्या बंद करून मापकावरील लहान तारकाचक्र पाहावे, ते फिरत असल्यास मापकाच्या पुढे गळती आहे. परंतु आपल्याकडील बहुसंख्य घरांत पाणी आधी टाकीत व मग तोट्यांत जाते. तेथे ही परीक्षा तीन भागांत करावी लागते.

(१) मापक ते टाकी : पुरवठा चालू असताना टाकीच्या तोंडाशी असलेली झडप पूर्ण बंद करावी. तरीही तारकाचक्र फिरत असल्यास मधली वाहिनी गळते.

(२) टाकी : आत येणारी व बाहेर जाणारी अशा दोन्ही झडपा रात्री बंद करून पाण्याच्या पातळीशी खूण करावी. सकाळी पातळी उतरलेली असल्यास टाकीस तडा आहे. तरंगगोळ्याची झडप बिघडून जादा पाणी निकासनळीवाटे जात नाही ना, हेही पुरवठ्याच्या वेळी पाहावे.

(३) टाकी ते तोट्या : आत येणारी झडप बंद व बाहेर जाणारी उघडी ठेवून आणि पाण्याचा वापर थांबवून पातळी उतरते काय हे पाहावे. उतरल्यास शौचकुंडीच्या टाकीत कपड्यांची नीळ मिसळावी. पाणी न सोडता पंधरा मिनिटांत कुंडीत निळा रंग दिसला, तर तिची झडप गळते.

वरील उदाहरणातील जादा पाणी ताशी सु. १३·५ लि. भरते. हे पाणी मापकातून सतत मंद गतीने गेले असते, तर कदाचित त्याची पूर्ण नोंद झाली नसती. परंतु टाकीतून गळलेले पाणी पुरवठ्याच्या वेळी जोराने भरून येत असल्याने ते देयकात उमटते. याउलट, तरंगगोळ्याची झडप किंचित उघडी राहून पाणी झिरपत येत असेल, तर त्याची नोंद अपुरी राहते व तोटा नगरपालिकेस होतो.

मापकाविषयीच शंका असल्यास ज्ञात मापाच्या भांड्याने २०० लि. पाणी मोजून काढावे व मापकात ०·२ घ. मी. फरक पडतो काय, हे पाहावे. भांड्याच्या मापातही चूक संभवत असल्याने यावरून केवळ ठळक दोष कळतो. निर्णायक परीक्षा चाचणीमंचावरच होते व ग्राहकास ती शुल्क भरून मागता येते. मापकानंतरच्या भागाची देखभाल ग्राहकाकडे असते. मुख्य वाहिनी ते मापक या भागाची जबाबदारी स्थानिक उपविधींनुसार ठरते.

सामाजिक व आरोग्यविषयक महत्त्व : गळती हा केवळ पैशांचा प्रश्न नाही. पुरवठा बंद झाल्यावर वाहिनीतील दाब नाहीसा होतो व ज्या छिद्रातून पाणी बाहेर जात होते त्यातूनच भोवतालचे सांडपाणी आत शिरू शकते. कावीळ, विषमज्वर, पटकी व अतिसार यांच्या साथींचे हे एक परिचित कारण आहे. म्हणून गटाराजवळून जाणाऱ्या जोडनळाची गळती किरकोळ असली, तरी तातडीने दुरुस्त करणे आवश्यक असते.

वितरणातील हिशेबाबाहेरचे पाणी १५ टक्क्यांच्या आत असावे, असे केंद्रीय मार्गदर्शिका सांगते. हे साधण्यासाठी प्रत्येक विभागास दिलेले पाणी व त्यातील घरोघरच्या मापकांची बेरीज यांची तुलना करावी लागते. मापकांवाचून ती अशक्य आहे. साताऱ्या जिल्ह्यातील कराडजवळच्या मलकापूर येथे २००९ च्या सुमारास सर्व जोडण्यांना मापक बसवून चोवीस तास पुरवठा सुरू करण्यात आला. नागपूर येथेही २०१२ पासून अशा योजनेचे काम शहरव्यापी प्रमाणावर हाती घेण्यात आले.

मापनावर एक आक्षेप घेतला जातो, तो असा की, त्यामुळे गरिबांस पाणी महाग पडेल. पहिल्या टप्प्याचा दर किती ठेवला आहे, तो टप्पा कुटुंबाच्या गरजेस पुरतो काय आणि एकाच मापकावर अनेक कुटुंबे असल्यास टप्पे कुटुंबसंख्येनुसार वाढविले आहेत काय, यांवर या आक्षेपाचे तथ्य अवलंबून असते. दहा बिऱ्हाडांच्या चाळीस एका घराचेच टप्पे लावले, तर काटकसरीने राहणाऱ्यांनाही वरच्या दराने पैसे मोजावे लागतात. उलट, मापन नसेल तेथे बेसुमार वापरणारा व वस्तीच्या टोकास रात्री दोन हंडे मिळविणारा यांना सारखीच पट्टी भरावी लागते. मापक स्वतः न्याय किंवा अन्याय करीत नाही. त्यावरील आकड्यास कोणता दर लावावयाचा, हा निर्णय मात्र नागरिकांनी व त्यांच्या प्रतिनिधींनी जाणतेपणे घ्यावयाचा असतो.