विद्यार्थ्याची भूक आणि स्वाभिमान

शिक्षणासाठी खेड्यातून पुणे, मुंबई, नागपूर अशा शहरांत आलेल्या मुलामुलींना फी भरली का, पुस्तके मिळाली का, असे सर्वजण विचारतात. दोन वेळ जेवतोस ना, असे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. विचारलेच तर उत्तर ठरलेले असते : "जेवून आलो", "आज उपवास आहे". एक डबा दोघांत खाणे, नाश्ता टाळणे, रात्र चहा-वडापाववर काढणे हे भाड्याच्या खोल्यांत नवे नाही. पीक बुडाले किंवा घरची मजुरी थांबली की पहिली काटछाट ताटात होते. कारण फी व खोलीभाडे टाळता येत नाही, जेवण टाळता येते.

मग हे विद्यार्थी मदत का मागत नाहीत? आपल्या समाजात या संकोचाला इतिहास आहे. गावकीच्या कामाच्या बदल्यात दारोदार फिरून शिळी भाकरी गोळा करण्याची पाळी आपल्या पूर्वजांवर आली होती. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी शिळ्या-उष्ट्या तुकड्यांवर जगणे सोडण्यास बजावले. तेव्हापासून अन्नासाठी हात पसरायचा नाही हा संस्कार घराघरांत रुजला आणि त्याचा आम्हांला अभिमान आहे.

परंतु बाबासाहेबांनी नाकारले ते अपमानाचे अन्न. लंडनमध्ये त्यांनी अर्धपोटी राहून अभ्यास केला, हे आपण प्रत्येक जयंतीला सांगतो. इतरांनीही तसेच उपाशी शिकावे, अशी मात्र त्यांची भूमिका नव्हती. त्यांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, हेही त्याच जोडीने सांगितले पाहिजे.

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. तिच्या मूळ नियमांत मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले. त्यांपैकी ३२,००० रुपये भोजनासाठीच धरले होते. पात्र विद्यार्थ्याने ही रक्कम हक्काने मागावी. अडचण एवढीच की हप्ता उशिरा आला तरी खानावळीचे बिल महिन्याच्या महिन्याला द्यावे लागते. त्या मधल्या दिवसांत समाजाने उभे राहावे.

मदत कशी द्यावी, यावर ती घेतली जाईल की नाही हे ठरते. व्यासपीठावर नाव पुकारून, फोटो काढून धान्याची पिशवी दिली तर दुसऱ्या वर्षी तो मुलगा येणार नाही. त्याऐवजी खानावळीत थेट पैसे भरावेत, म्हणजे पैसे भरणारा आणि मदत घेणारा एकाच कुपनावर, एकाच पंगतीत जेवतील. गरजेचे दाखले मागत बसू नये. विश्वासातील एका प्राध्यापकाचा शब्द पुरे मानावा. मुलींची विचारपूस महिला कार्यकर्तीनेच करावी.

विद्यार्थी मित्रांनो, हप्ता रखडला असेल, डबा बंद झाला असेल तर विहारातील कार्यकर्त्यांना निःसंकोच सांगा. परीक्षेच्या दिवसांत उपाशी राहू नका. उद्या नोकरी लागली की एका विद्यार्थ्याच्या डब्याचे पैसे भरा, म्हणजे हिशेब पुरा झाला.