एका कळफलकावरून चार बोर्डांचा कारभार

औसा तालुक्यांतील एखाद्या शिवारांत चार मायक्रोकंट्रोलर बोर्ड, म्हणजे एकेका कामास वाहिलेले चिमुकले संगणक, बसविले आहेत अशी कल्पना करावी. एक विहिरीची पातळी मोजतो, दोन तुरीच्या व सोयाबीनच्या रानांतील ओल पाहतात आणि चौथा रिलेच्या खटक्यानें पंप चालवितो. ज्या लातुरास २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, त्या जिल्ह्यांत पंप घटकाभर व्यर्थ चालणें ही लहान चूक नव्हे.

हंगामाच्या आरंभीं हे चारहि बोर्ड एकाच संगणकास जोडून त्यांत नवी आज्ञावली भरावयाची असते. घोटाळा येथेंच होतो. लिनक्सचा संगणक प्रत्येक जोडणीस शून्य, एक, दोन असे क्रमांक देतो. परंतु हा क्रमांक बोर्डाचा नसून बहुधा जोडण्याच्या क्रमाचा असतो. वर्गांत जो आधीं शिरला तो पहिल्या नंबराचा, असाच हा न्याय! काल जो शून्य होता तो आज दोन होतो, आणि विहिरीची आज्ञावली पंपाच्या बोर्डांत जाऊन बसते.

डेमियन जॉर्ज यांनीं २०१३ सालीं लोकांकडून वर्गणी जमवून उभें केलेलें मायक्रोपायथॉन ज्या बोर्डांत असतें, त्यांच्यासाठीं डेव्ह हायलंड्स यांनीं आरशेल नांवाचें शेल रचिलें. तें संगणकावर चालतें व कळफलकावरून लिहिलेल्या आज्ञा घेतें. पहिला बोर्ड न सोडतां ‘कनेक्ट’ या आज्ञेनें दुसरा, तिसरा जोडतां येतो. ‘बोर्ड्‌स’ म्हटलें कीं सर्वांची यादी समोर येते. प्रत्येक बोर्ड मग संगणकांतीलच एका कप्प्यासारखा दिसतो. त्यांतील फाइली पाहाव्या, नकलाव्या, पुसाव्या.

खरा उपाय मात्र नांवाचा आहे. बोर्डाच्या पोटांत ‘बोर्ड डॉट पाय’ ही लहान फाइल ठेवून तींत ‘पंप’ किंवा ‘विहीर’ असें नांव लिहिलें, म्हणजे पुढील जोडणीपासून आरशेल त्यास त्याच नांवानें ओळखतें. मग तार कोणत्याहि छिद्रांत असो. हें बारसें एका वेळीं एकच बोर्ड जोडून उरकावें, आणि तेंच नांव शाईनें पेटीवरहि लिहावें.

आणखी एक सावधगिरी. आरशेल बोलूं लागतांच बोर्डावर चाललेली आज्ञावली सामान्यतः थांबते. त्या क्षणीं रिले चालू असेल, तर तो तसाच चालू राहूं शकतो. त्यास बंद करणारें कोणी उरलेलें नसतें. यास्तव पंपाच्या बोर्डास हात लावण्यापूर्वीं पंपाचा मुख्य खटका हातानें बंद करावा. काम संपल्यावर जोडणी सोडून बोर्ड पुन्हा सुरू करावा आणि पंप आज्ञेप्रमाणें थांबतो कीं नाहीं, हें विहिरीवर उभें राहून पाहावें. मगच घरीं परतावें.