जहाजं थोडी, फायली फार

भंडाऱ्याहून मुंबईचा समुद्र रेल्वेने जवळपास नऊशे किलोमीटर. बंगालचा उपसागर त्या मानाने जवळ. वैनगंगेचं पाणीही प्राणहिता आणि गोदावरीतून तिकडेच जातं. तलावांच्या या जिल्ह्याचे व्हाइस ॲडमिरल सतीशकुमार नामदेव घोरमाडे ३१ जुलै २०२१ रोजी नौदलाचे उपप्रमुख झाले, तेव्हा इकडे कौतुक भरपूर झालं. पण एवढा मोठा नौदल अधिकारी दिवसभर करतो काय, हे फारसं कुणी विचारलं नाही.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून बाहेर पडून १ जानेवारी १९८४ रोजी ते नौदलात दाखल झाले. त्यांचं विशेष क्षेत्र ‘नेव्हिगेशन अँड डायरेक्शन’. यातलं पहिलं काम जहाजाचा मार्ग आखून ते सुखरूप नेण्याचं. दुसरं, जहाजावरच्या रडारकडे पाहत हवेतल्या विमानांना दिशा देण्याचं. नकाशा आणि घड्याळ या दोन्हींशी इमान राखणाऱ्यांचं हे खातं. इथली चूक लपत नाही, जहाज वाळूत रुततं.

पुढे ज्यांचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं ती जहाजं पाहिली, तर एकाचं दुसऱ्याशी नातं नाही. ‘आयएनएस अलेप्पी’ सुरुंग काढणारं जहाज. त्याने आधी वाट साफ करायची, मग बाकीच्यांनी जायचं. ‘निरीक्षक’ हे डायव्हरना खोल पाण्यात उतरवणारं आणि संकटातल्या पाणबुडीच्या मदतीला जाणारं. आणि ‘ब्रह्मपुत्रा’ ही कोलकात्यात बांधलेली, क्षेपणास्त्रं वाहणारी फ्रिगेट. माझ्या मते यातली पहिली दोन जास्त शिकवणारी. तिथे शत्रूवर मारा करण्याचा थरार नाही, सगळा कस धीराचा.

नौदलात कॅप्टनचा हुद्दा लष्करातल्या कर्नलच्या तोडीचा. त्यावर कमोडोर, मग रिअर ॲडमिरल. इथवर पोहोचलेल्याच्या हाताखाली माणसं वाढतात आणि पायाखालचं डेक सुटतं. घोरमाडेही अमेरिकेच्या नेव्हल वॉर कॉलेजात शिकून आले, दिल्लीत नौदलाच्या नियोजनाचं काम पाहिलं, कारवारला कर्नाटक नौदल क्षेत्राची सूत्रं सांभाळली, नौदल मोहिमांचे महासंचालक झाले, विशाखापट्टणमला पूर्व विभागाचे चीफ ऑफ स्टाफ राहिले. मधल्या काळात मुख्यालयात विमानवाहू जहाजाच्या प्रकल्पाची आणि युद्धनौका बांधणी-खरेदीची जबाबदारीही होती. आपल्याकडे शौर्याच्या गोष्टींत असल्या नेमणुका एका ओळीत उरकतात. खरं तर कोणतं जहाज हवं, त्यावर काय असावं, पैसा कधी सुटेल, हे इथेच ठरतं; कप्तानाला पुढे जे हाती मिळतं त्याच्याच जोरावर लढावं लागतं.

विमानवाहू ‘विक्रांत’चंच पाहा. कोचीन शिपयार्डमध्ये २००९ मध्ये कणा बसला, २०१३ मध्ये जहाज पाण्यात उतरलं आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात आलं. लांबी २६२ मीटर, खर्च सुमारे २० हजार कोटी. एवढ्या वर्षांत मुख्यालयातल्या खुर्च्यांवरची माणसं कितीदा बदलली. घोरमाडे यांनी मात्र आधी विमानवाहू प्रकल्पाच्या टेबलावर काम केलं होतं आणि जहाज नौदलात येण्याआधीच्या अखेरच्या टप्प्यात, ऑगस्ट २०२२ मध्ये, उपप्रमुख म्हणून पत्रकारांपुढे बसून जहाजाची माहितीही त्यांनीच दिली. सात महिन्यांनी, ३१ मार्च २०२३ रोजी, ते निवृत्त झाले.