न पाहिलेलं लखनौ

रोजे सुरू झाले की वर्गात एखादा प्रश्न हमखास येतो. यंदा एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, तुमच्या घरी ‘मेरे मेहबूब’सारखं असतं का? सगळे एकमेकांना आदाब करतात?" वर्ग हसला, मीही हसलो. आमच्याकडे सलाम करतात आणि इफ्तारला भज्यांवरून भांडतातही. पण तिच्या विचारण्यात एक ओढ होती आणि ती माझ्या ओळखीची होती.

१९६०चा ‘चौदहवीं का चाँद’, १९६३चा ‘मेरे मेहबूब’, १९८१चा ‘उमराव जान’. या चित्रपटांनी आपल्या मनात एक लखनौ वसवलं. तिथे तुम्ही राहिला नाहीत, मीही नाही. तरी ते हरवल्याची हुरहूर वाटते. का?

एक तर ती हुरहूर मुळातच त्या कथांमध्ये आहे. ‘मेरे मेहबूब’ आला तेव्हा फाळणी होऊन गेली होती, उत्तर प्रदेशातली जमीनदारी कायद्याने संपली होती. त्याचे संगीतकार नौशाद मूळचे लखनौचे. आपल्या गावापासून दूर, मुंबईत ते चाली बांधत होते. ‘उमराव जान’ ज्या कादंबरीवर आधारलेला आहे, ती मिर्झा हादी रुसवांची १८९९ची कादंबरीसुद्धा १८५७मध्ये उद्ध्वस्त झालेल्या लखनौकडे वळून पाहते. म्हणजे आपल्याला वाटते ती आठवणीची आठवण.

दुसरं म्हणजे चित्रपट निवडून दाखवतो. झुंबर दिसतं, ते पुसणारा नोकर दिसत नाही. पडद्याआडचे डोळे दिसतात, त्या पडद्यामागचा कोंडमारा फारसा दिसत नाही. उरतं ते गाणं आणि ते आपल्याच आठवणींत जाऊन बसतं. मी ‘मेरे मेहबूब’ दूरदर्शनवर पाहिला तो दादीच्या मांडीवर डोकं ठेवून. लखनौची म्हणून जी ऊब मला आजवर वाटत आली, ती बरीचशी त्या मांडीची होती. हे कळायला फार उशीर झाला.

कारण मधल्या काळात मी उर्दू घेऊन शिकायला लागलो आणि पडद्यावरची नजाकत मला खरी वाटू लागली. दादी बोलायची ती दखनी. "कायकू", "हौ", "नक्को". हा "नक्को" तर थेट मराठीतून आलेला. एकदा कॉलेजचे मित्र जेवायला आले होते. त्यांच्यासमोर मी तिला म्हणालो, "दादी, नक्को नहीं, नहीं चाहिए बोलते हैं." ती काही बोलली नाही. पुढे माझे मित्र आले की ती आतल्या खोलीतच बसू लागली.

आता दादी नाही. सहरीला जाग आली की मला लखनौ आठवत नाही. "उठ रे बाबा, वख्त हो गया" ही तिची हाक आठवते. न पाहिलेल्या काळासाठी हळहळताना मी जगत होतो तो काळ हातचा घालवला. चित्रपटांना दोष देत नाही, अजूनही आवडीने पाहतो. फक्त ते संपल्यावर शेजारी कोण बसलंय, तेही पाहतो.

त्या विद्यार्थिनीला म्हटलं, "रविवारी मैत्रिणींना घेऊन इफ्तारला ये. आदाब ऐकायला मिळणार नाही. पण माझी अम्मी भज्यांचं ताट पुढे करून म्हणेल, ‘और लेव, नक्को मत बोलो.’"