यादवगिरीचे घर

वाचकहो, म्हैसूरहून बेळगोळकडे, कृष्णराजसागरच्या वाटेने जाण्याचा योग आला, तर यादवगिरीत क्षणभर थांबावे. तेथे आर. के. नारायण यांनी बांधलेले घर आहे. २०१६ साली त्याचे संग्रहालय झाले. व्यंगचित्रकार लक्ष्मण यांचे हे वडील बंधू.

१९३० साली आजीने विजयादशमीचा मुहूर्त काढून दिला. त्या दिवशी नारायणांनी कोऱ्या वहीत एक लहानसे रेल्वे स्थानक कल्पिले. तेच मालगुडी! पुढे खोडकर स्वामीच्या कथेचे हस्तलिखित प्रकाशकांकडून वारंवार परत येऊ लागले. तेव्हा त्याला दगड बांधून ते थेम्स नदीत बुडवावे, असे त्यांनी ऑक्सफर्डमधील मित्रास कळविले. मित्राने ऐकले नाही. त्याने ते ग्रॅहम ग्रीन यांच्या हाती दिले व १९३५ मध्ये पुस्तक निघाले. अवज्ञेला इतके गोड फळ क्वचितच येते.

१९३९ साली पत्नी राजम विषमज्वराने निवर्तल्या. पदरी चिमुकली हेमा. लेखणी थांबली. मुलीला वाढवीत ते हळूहळू सावरले, आणि ते दुःख १९४५ च्या 'द इंग्लिश टीचर'मध्ये उतरले. १९५६ मध्ये ते अमेरिकेस गेले. पण बर्कलेच्या खोलीत बसून लिहिली ती मालगुडीचीच कथा, 'द गाइड'.

१९८९ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, राज्यसभेतील पहिल्या भाषणात ते बोलले ते साहित्याविषयी नव्हे, तर दप्तराच्या ओझ्याने वाकलेल्या मुलांविषयी. पुढे प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्ये याच प्रश्नावर अहवाल दिला.